वन्यजीव आणि पर्यावरण व्यवस्थापनात प्राध्यापक-संशोधक व्हायचंय: कोल्हापुरातून वाट कशी?

भोगावतीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. भाची कोल्हापुरात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. तिला वन्यजीव आणि पर्यावरण व्यवस्थापनात शिकवायचं आणि संशोधन करायचं आहे. वनसेवेच्या परीक्षा द्यायच्या नाहीत, हे तिचं पक्कं ठरलंय. घरात मात्र "यात पुढं काय?" हा प्रश्न रोज निघतो. एमएस्सी कशात करावी, पीएचडीला पैसे कुठून येतात, राधानगरी-चांदोलीची जंगलं जवळ असल्याचा खरंच उपयोग होतो का, आणि शेवटी नोकरी कुठं, एवढं जाणकारांनी सांगावं. मोघम धीर देण्यापेक्षा तपशील दिलात तर बरं होईल.

गगनगिरी_पायवाट

आधी एमएस्सीच्या विषयाचं बोलू, कारण तो चुकला की पुढं बरीच वर्षं निस्तरत बसावं लागतं. आपल्याकडच्या अनुदानित कॉलेजांत जागा निघतात त्या प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राच्या. पर्यावरणशास्त्राचा स्वतंत्र विभाग असलेली कॉलेजं मोजकी आहेत. पदवीच्या सगळ्या मुलांना पर्यावरणाचा पेपर सक्तीचा असला तरी तो बहुतेक ठिकाणी आहे त्याच शिक्षकांत वाटून टाकतात. त्यातून पूर्ण पद क्वचितच उभं राहतं. यूजीसीच्या नियमात 'संबंधित किंवा संलग्न विषय' असे शब्द आहेत खरे, पण छाननीच्या टेबलावर एमएस्सीच्या गुणपत्रिकेवर कोणता विषय छापलाय ते आधी बघतात. म्हणून कॉलेजात शिकवायचं असेल तर प्राणिशास्त्रात एमएस्सी करून पीएचडीचा विषय परिसंस्थेचा घेणं जास्त सुरक्षित. विद्यापीठातला पर्यावरणशास्त्र विभाग, प्रदूषण नियंत्रण किंवा ईआयए (प्रकल्पांचा पर्यावरणावरचा परिणाम तपासणाऱ्या) सल्लागार संस्था डोळ्यांसमोर असतील तर पर्यावरणशास्त्र घ्यावं. शिवाजी विद्यापीठात दोन्ही विभाग आहेत.

पात्रता परीक्षाही विषयानुसार बदलते. प्राणिशास्त्रवाल्यांना सीएसआयआर नेटचा 'लाइफ सायन्सेस' पेपर, पर्यावरणवाल्यांना यूजीसी नेटचा 'पर्यावरणशास्त्र'. शिवाय पुणे विद्यापीठ घेतं ती सेट परीक्षा दोघांनाही आहे, पण सेटवर फेलोशिप मिळत नाही. सीएसआयआरच्या अभ्यासक्रमात १३ युनिट आहेत. परिसंस्था, उत्क्रांती व वर्तन, उपयोजित जीवशास्त्र आणि पद्धती ही शेवटची चार. वन्यजीवात रस असलेली मुलं तेवढीच घासतात आणि तिथंच अडकतात. भाग 'क'मध्ये ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे असतात, प्रत्येकी ४ गुण. त्यातले परिसंस्थेचे तेवढे प्रश्न पुरत नाहीत. अनुवंशशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र यांतलं निदान एक तरी पक्कं लागतंच. भाग 'अ'मधलं अंकगणित सोपं असतं, आणि मुलं त्याच्याकडेच दुर्लक्ष करतात.

बाहेर जायची तयारी असेल तर देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था. ती १९८२ साली सुरू झाली आणि तिथं वन्यजीवशास्त्राची एमएस्सी आहे. कोइम्बतूरचं सॅकॉन (सलीम अली पक्षिशास्त्र व निसर्ग केंद्र) २०२३ पासून याच संस्थेचा भाग आहे. बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतली वन्यजीव व संवर्धनाची एमएस्सी दर दोन वर्षांनी प्रवेश देते. त्यामुळं भाचीचं पदवीचं वर्ष आणि त्यांचं प्रवेशाचं वर्ष जुळतंय का ते आजच बघा. जुळत नसेल तर मधलं वर्ष प्रकल्प सहायक म्हणून काढता येतं. देहरादूनच्याच वन संशोधन संस्थेच्या अभिमत विद्यापीठात पर्यावरण व्यवस्थापनाची एमएस्सी आहे. दापोलीच्या वनशास्त्र महाविद्यालयाबद्दल बरेच जण विचारतात. तो कृषी विद्यापीठांचा वेगळा रस्ता आहे, तिथं नोकरीला एएसआरबीची (कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळाची) नेट लागते. प्राणिशास्त्राच्या पदवीवरून मध्येच त्या रस्त्याला लागता येत नाही.

सडा_आणि_पाऊस

वरचं सगळं बरोबर. मी परवानग्यांवर लिहितो, कारण आपल्या भागातल्या पीएचडी रखडतात त्या इथंच.

राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं. १९५८ साली दाजीपूर गवा अभयारण्य म्हणून जाहीर झालं, राज्यातलं पहिलं. चांदोली आणि कोयना मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्याच्या क्षेत्र संचालकांचं कार्यालय कोल्हापुरातच आहे. कार्यालय गावात आहे म्हणून परवानगी गावात मिळते असं मात्र नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २८ खाली अभयारण्यात संशोधनासाठी प्रवेशाची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देतात, ते नागपुरात बसतात. अर्ज नागपूरला जातो, तिथून स्थानिक वन्यजीव विभागाचा अभिप्राय मागवतात, तो परत नागपूरला जातो. एका फेरीत एक कागद कमी निघाला की सगळी फेरी पुन्हा.

अर्जासोबत हे द्या: मार्गदर्शकाच्या सहीचा तीन-चार पानी प्रस्ताव, संस्थेचं हमीपत्र, अभ्यासाच्या जागा दाखवणारा नकाशा आणि अक्षांश-रेखांश, सोबत येणाऱ्यांची नावं व ओळखपत्रं, उपकरणांची यादी, वाहन क्रमांक, आणि महिनावार वेळापत्रक. यादीत कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लिहिले नसतील तर ते गेटवरच अडतात. प्रस्ताव इंग्रजीत असला तरी वर अर्ध्या पानाचा मराठी गोषवारा जोडा. अभिप्राय लिहिणाऱ्याचं काम त्यानं सोपं होतं.

नुसतं बघायचं-मोजायचं असेल तर कलम २८ पुरतं. प्राणी पकडायचा, हाताळायचा, नमुना घ्यायचा म्हटलं की कलम १२ लागतं, आणि अनुसूची १ मधला (कायद्यानं सर्वाधिक संरक्षण दिलेला) प्राणी असेल तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगीही. विष्ठा किंवा गळलेले केस डीएनएसाठी उचलणं हे 'नुसतं बघणं' धरलं जात नाही, तेही अर्जात स्पष्ट लिहा. बेडकाच्या बोटाचा तुकडा घ्यायचा असेल तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी वेगळी. नमुना परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी.

जुन्या प्रबंधांतून अनुसूचीचे क्रमांक जसेच्या तसे उचलू नका. २०२२ च्या दुरुस्तीनं सहाच्या चार अनुसूची झाल्या, १ एप्रिल २०२३ पासून त्या लागू आहेत. चुकीचा क्रमांक लिहिलेला अर्ज परत येतो.

आता वेळेचं. बेडूक, खेकडे, सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या) वनस्पती यांचा हंगाम जून ते सप्टेंबर. मार्चमध्ये अर्ज टाकून जूनमध्ये रानात शिरायचं, हे होत नाही. आदल्या दिवाळीपूर्वी अर्ज गेला पाहिजे. एक पावसाळा हुकला की पूर्ण वर्ष गेलं. फेलोशिप मात्र त्या वर्षाची वाट बघत थांबत नाही.

भोगावतीकाठ

खूप उपयोगी. तिच्या मनात 'राधानगरीतल्या गव्यांची संख्या' असा विषय आहे. तो घ्यावा का?

मोजपट्टी

विषय चांगला, पण या शब्दांत मांडलेला प्रबंध तीन वर्षांत पुरा होणं अवघड आहे. का ते सविस्तर सांगतो, कारण संख्येचा विषय घेणारा प्रत्येक जण याच खड्ड्यात पडतो.

गव्याच्या अंगावर वाघासारखे पट्टे नाहीत. त्यामुळं कॅमेऱ्यातल्या फोटोवरून हा कुठला गवा हे ओळखून गणना करता येत नाही. मग उरते रेषाछेद पद्धत: ठरावीक रेषेवरून चालायचं, कळप दिसला की अंतर, कोन आणि कळपातली संख्या टिपायची. समजा २ किलोमीटरच्या २४ रेषा टाकल्या आणि प्रत्येकीवर चार वेळा चालला. चाल झाली १९२ किलोमीटर. दाट सदाहरित रानात दर ५ किलोमीटरला एक कळप दिसला असं धरलं, तरी नोंदी ३८ च्या आसपास. अंतरावरून दिसण्याची शक्यता काढणारा आलेख नीट बसायला एका प्रजातीच्या ६० ते ८० नोंदी तरी लागतात. म्हणजे चाल दुप्पट करा, नाहीतर दोन हंगामांच्या नोंदी एकत्र धरा. हा हिशोब प्रस्ताव लिहितानाच मांडायचा असतो. आधी आठ-दहा दिवसांची चाचणी घेऊन दर किलोमीटरला किती कळप दिसतात ते काढा, मग रेषा ठरवा.

मोजताना चुका ठरलेल्या आहेत. अंतर डोळ्यानं सांगितलं की वहीत १०, २०, ५० हेच आकडे साचतात. लेझर रेंजफाइंडरच वापरा. कोन होकायंत्रानं घ्या, प्राण्याच्या दिशेतून रेषेची दिशा वजा करा. ६० मीटर अंतर आणि ३० अंश कोन म्हणजे रेषेपासूनचं लंब अंतर ३० मीटर. कळप 'समोरच' होता म्हणून कोन शून्य लिहायची सवय लागते, तिनं रेषेवरच्या नोंदी फुगतात आणि घनता खोटी वाढते. गवा आधी दिसतो आणि मग पळतो. अंतर तो पहिल्यांदा जिथं होता तिथपर्यंतचं आणि कळपाच्या मध्यापर्यंतचं घ्यायचं. सोयीचं म्हणून सफारीच्या रस्त्यावर रेषा टाकली तर सगळंच वाया, कारण रस्त्याकडेच्या मोकळ्या गवतावर गवा जास्त येतो किंवा गाड्यांमुळं कमी येतो. दोन्ही बाजूंनी आकडा बिघडतो.

शेणावरून मोजू म्हणाल तर दोन अडचणी. अभयारण्याच्या कडेच्या गावांतल्या म्हशी रानात चरतात, आणि जुनं झालेलं म्हशीचं शेण गव्याच्या शेणापासून वेगळं ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. दुसरं, शेण नाहीसं होण्याचा वेग. मार्चमध्ये ते वाळून कित्येक आठवडे राहतं, जुलैत शेणकिडे आणि पाऊस ते चटकन संपवतात. हा वेग त्याच रानात, त्याच ऋतूत, ताज्या शेणाच्या पोंवर खुणा करून मोजल्याशिवाय शेणाच्या आकड्याला अर्थ नाही. दुसऱ्या राज्यातला वेग उचलून लावलेले प्रबंध परीक्षक तिथंच पकडतात.

माझं मत विचाराल तर 'किती गवे' सोडा, 'गवे कुठं वावरतात आणि का' हे घ्या. रान चौकोनांत विभागायचं, प्रत्येक चौकोनाला चार-पाच वेळा भेट द्यायची, खुणा सापडल्या की १, नाही सापडल्या की ०. यातून वावर आणि खूण सापडण्याची शक्यता अशी दोन वेगळी उत्तरं निघतात. चौकोनाचा आकार एका कळपाच्या वावरापेक्षा मोठा ठेवा, नाहीतर एकच कळप चार चौकोनांत मोजला जातो. पाणी, गवताळ सडा, रस्ता, गाव यांपासूनची अंतरं क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरवर निघतात, विश्लेषण 'आर' या आकडेशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. दोन्ही फुकट आहेत. एमएस्सीला लागायच्या आधीच्या सुट्टीत 'आर' शिकून घ्यावं. आपल्याकडं रानात चालणारी मुलं भरपूर आहेत, आकडेशास्त्र येणारी कमी. निवड होते ती दोन्ही येणाऱ्याची.

रंकाळा_सकाळ

सगळे रानाकडंच का बघताय? पर्यावरण व्यवस्थापनातलं सगळ्यात निकडीचं काम पंचगंगेत आहे. तिथं बहुतेक घाटांवर उभं राहायला वन्यजीव परवानगी लागत नाही आणि नदी बसच्या अंतरावर आहे. प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत शहराचं सांडपाणी, साखर कारखाने, इचलकरंजीचं कापड प्रोसेसिंग, शेतातली खतं, सगळं एका नदीत.

पण इथंही प्रबंध ढिसाळ होतात. महिन्यातून एकदा नमुना आणून तक्ता भरायचा, एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. आपल्या नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात, पाणी तुंबतं, विरघळलेला प्राणवायू खाली येतो. म्हणून राजाराम किंवा तेरवाड बंधाऱ्यावरच्या प्रत्येक नमुन्यासोबत बरगे आहेत की काढलेत, पाणी वाहतंय की थांबलंय, कारखान्यांचा गाळप हंगाम चालू आहे का, हे लिहिलंच पाहिजे. ते नसेल तर कारखान्याचा परिणाम आणि बंधाऱ्याचा परिणाम वेगळा करता येत नाही.

प्राणवायूची विंकलर पद्धत जागेवरच पक्की करायची असते. ३०० मिलीची बाटली पाण्याखाली तिरकी धरून भरा, बुडबुडा राहता कामा नये. मँगनस सल्फेट २ मिली आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड २ मिली, पिपेटचं टोक पाण्याच्या आत बुडवून. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाही. मग २ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल. टायट्रेशनला २०३ मिली घ्यायचं, कारण दोन्ही रसायनांनी ४ मिली पाणी बाहेर ढकललेलं असतं. ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटचा १ मिली म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम. थायोसल्फेट बदलत राहतं, त्याची तीव्रता वरचेवर तपासा. नमुना तसाच बाटलीत घालून दुपारी प्रयोगशाळेत आणला की आकडा नदीचा राहत नाही, बाटलीचा होतो.

बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खर्च होतो तो आकडा, आपल्याकडं २७ अंशांवर ३ दिवस ठेवून काढतात. शेवटी किमान १ मिलिग्रॅम प्राणवायू उरला पाहिजे आणि किमान २ मिलिग्रॅम खर्च झाला पाहिजे, नाहीतर ती बाटली बाद. सांडपाण्याच्या नाल्याजवळचं पाणी एकाच सौम्यतेनं (शुद्ध पाणी मिसळून एकाच प्रमाणात पातळ करून) लावलं की तिसऱ्या दिवशी शून्य येतं आणि नमुना फुकट जातो. तीन वेगवेगळ्या सौम्यता लावा.

रंकाळ्यासारख्या तळ्यात तर वेळच सगळं ठरवते. शेवाळ माजलेलं असेल तर दुपारी तीनला प्राणवायू भरपूर दिसतो आणि पहाटे तळाला जातो. मासे मरतात ते पहाटे. दुपारचे नमुने घेऊन 'तळे निरोगी' असा निष्कर्ष काढणं चूक आहे. चोवीस तासांत दर तीन तासांनी एक, अशी एक तरी फेरी प्रत्येक ऋतूत हवी.

देवराई

वन्यजीव आणि माणूस यांच्यामधला विषयही घ्या. चंदगड-आजऱ्यात कर्नाटकातून येणारे हत्ती, राधानगरी-भुदरगडात उसात आणि भातात शिरणारे गवे, यावर नीट आकडेवारीचं काम अजून पुष्कळ व्हायला हवं.

सावधगिरी एकच. वनखात्याचे नुकसानीचे पंचनामे हा 'नुकसानीचा' विदा (डेटा) समजू नका, तो 'अर्जांचा' विदा आहे. भरपाईला सातबारा लागतो. जो वाट्यानं कसतो, ज्याचं नाव उताऱ्यावर नाही, ज्याला तालुक्याला खेपा परवडत नाहीत, त्याचं शेत त्यात येतच नाही. पंचनाम्यांवरून नकाशा काढला की रस्त्याजवळच्या गावांत नुकसान जास्त, असं खोटं चित्र उभं राहतं. म्हणून गावं चिठ्ठीनं निवडा, प्रत्येक गावात नुकसान झालेली आणि न झालेली अशी दोन्ही शेतं घ्या.

मोजणीला दोन दिवसांच्या आत पोचा, उशीर झाला की शेतकरी उरलेलं कापून वैरणीला नेतो. तुडवलेल्या भागाच्या कडेनं जीपीएस घेऊन चाला, क्षेत्र अंदाजानं लिहू नका. भातात एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकून लोंब्या मोजा, उसात सरीच्या ठरावीक लांबीत मोडलेले आणि उभे ऊस. शेजारच्या शाबूत वावराशी तुलना करताना वाण आणि लागणीचा महिना सारखा हवा. आणि प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न "किती नुकसान झालं?" असा ठेवू नका. भरपाईचे लोक आलेत असं वाटतं आणि उत्तर फुगतं. आधी पीक, पाणी, राखण, मग नुकसान. मुलाखतीपूर्वी संमती घ्या आणि संस्थेच्या मानवी अभ्यासाच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी मिळवा, नाहीतर चांगली नियतकालिकं पेपर परत पाठवतात.

गगनगिरी_पायवाट

पैशाचं राहिलं होतं. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप) मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, नंतर ४२,०००, घरभाडं वेगळं. नाही मिळाली तर प्रवर्गानुसार सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या संशोधन फेलोशिप आहेत. सारथीचं उपकेंद्र कोल्हापुरात आहे. यांना पीएचडीची नोंदणी आधी झालेली लागते, जाहिरात वर्षातून एकदा निघते आणि हप्ते उशिरा येऊ शकतात. पहिल्या वर्षाच्या खर्चाची तजवीज घरातून ठेवा. विद्यापीठात एमएस्सीला पहिली आली तर केंद्राच्या इन्स्पायर फेलोशिपला अर्ज करता येतो.

२०२४ पासून यूजीसी नेटचे गुण पीएचडी प्रवेशालाही चालतात: ७० टक्के परीक्षेचे, ३० टक्के मुलाखतीचे. फक्त प्रवेशापुरती पात्रता आली तर ती एक वर्षच टिकते. पीएचडीला २०२२ च्या नियमांनुसार किमान ३, जास्तीत जास्त ६ वर्षं. प्रबंध देण्यापूर्वी पेपर छापून आणण्याची सक्ती आता त्या नियमांत नाही, तरी पेपरशिवाय पुढं कुठं उभं करत नाहीत. यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळं नियतकालिक पारखायची जबाबदारी आपली. आठवड्यात छापून देतो म्हणून पैसे मागणारा कुणीही असो, टाळा. प्रादेशिक नोंदींसाठी बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) जर्नल आणि कोइम्बतूरहून निघणारं 'जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा' ही भरवशाची.

नोकरीचं सरळ सांगायचं तर सहायक प्राध्यापकाची सुरुवात ५७,७०० मूळ वेतनावर, पण त्या जागा कमी आणि वाट लांब. मधली वर्षं तासिका तत्त्वावर काढणारे पुष्कळ आहेत, त्यावर घर चालत नाही. त्यापेक्षा प्रकल्पातली पदं घ्यावीत, काम नावावर लागतं. दुसरा आधार म्हणजे ईआयए. २००६ च्या अधिसूचनेखालचे अहवाल नॅबेट या मान्यता मंडळानं मान्य केलेल्या संस्थाच करतात, आणि त्यांना परिसंस्था व जैवविविधतेचा तज्ज्ञ लागतोच.

भोगावतीकाठ

आणि येत्या उन्हाळ्यात, परवानगी-फेलोशिप काही हातात नसताना, तिनं नेमकं काय करावं?

मोजपट्टी

विद्यापीठाच्या आवारात मोर आहेत. रेषाछेदाचा सराव त्यांच्यावर होतो, कुलसचिवांच्या कार्यालयाची लेखी संमती तेवढी घ्या. आधी मोकळ्या मैदानात १५, ३५, ५५, ८० मीटरवर काठ्या रोवा. डोळ्यानं अंतर लिहा, मग रेंजफाइंडरनं मोजा आणि चूक किती येते ते बघा. मग ५००-५०० मीटरच्या सहा रेषा नकाशावर आखा, पहिलीची जागा चिठ्ठीनं ठरवा आणि बाकीच्या समान अंतरावर टाका. सकाळी साडेसहा ते साडेआठ, दोघांनी, एकानं बघायचं, दुसऱ्यानं लिहायचं. वहीत तारीख, रेषा क्रमांक, सुरू व संपल्याची वेळ, हवामान, अंतर, कोन, थव्यातली संख्या. एकही मोर दिसला नाही त्या दिवसाची ओळसुद्धा लिहायची, कारण ती चाल हिशोबात धरावी लागते. दोन महिन्यांत 'आर'मध्ये घालण्याइतक्या नोंदी जमतात. ती फाइल, आराखडा आणि चार पानांचं टिपण प्रकल्प सहायकाच्या मुलाखतीला सोबत नेता येतं.